स्टेशन शाकारणारा नळेकार

नळेकार कुणाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. आधी वर बघे. कुणाच्या घरी गेला, इस्पितळात गेला, पोलीस चौकीत साक्षीला गेला, तरी उंबऱ्यातून पाऊल आत पडलं की मान वर. आढं, वासे, रिपा, कौलं सगळं बघून झालं की मग नजर खाली यायची आणि घरातल्या माणसाला म्हणायचा, "बरां मां?" नव्या माणसाला वाटे, हा चक्रम आहे. त्याच्या बायकोला, कार्मिणवयनीला, हे लग्नातच कळलं होतं. ती सांगायची, "इगर्जीत पाद्री इचारी होतो, हिका बायल म्हणान घेतंस काय? आणि ह्यो वर बघी होतो. माका वाटला, देवाक इचारता. देव खंयचो? इगर्जीचे नळे बघी होतो मेलो."

नळे म्हणजे आमच्याकडची जुनी गावठी कौलं, अर्धगोल, कुंभारानं हातानं केलेली. नुसती एकावर एक ठेवलेली असतात. ती दरवर्षी वैशाखात काढून, झाडून, फुटकी बदलून परत रचावी लागतात. त्याला आम्ही घर परतणं म्हणतो, पुस्तकात शाकारणी म्हणतात. नळेकाराचा बाप आरोंद्यात गावभर घरं परतत फिरायचा. मुलाचं नाव इनास. हा इनास मुंबईला रेल्वेच्या बांधकाम खात्यात लागला आणि मिस्त्री झाला. पण आम्ही कोकणातले चारपाच जण तिथे होतो, आम्ही त्याला नळेकारच म्हटलं. मग साहेबसुद्धा नळेकार म्हणायला लागले. मी जामसंड्याचा. चौथीपर्यंत शाळा केली, पुढे गुरुजींचं आणि माझं जमलं नाही. रेल्वेत मी खलाशी होतो. खलाशी म्हटलं की आमच्या गावात होडी आठवते, रेल्वेत घमेलं आणि शिडी. नळेकाराची शिडी मीच धरायचो. दुसऱ्या कुणाची कधी धरली नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलंही नाही. सांगितलं असतं तरी धरली नसती.

आमचं स्टेशन मुंबईच्या उपनगरातलं. नाव सांगत नाही, कारण आता नाव तेवढंच राहिलं आहे. गोऱ्यांच्या वेळची इमारत. काळ्या दगडाच्या भिंती, कोपऱ्यांना पिवळट घडीव दगड, दारांना कमानी. फलाटावर बिडाचे खांब आणि खांबांच्या डोक्यावर बिडाचीच पानं-फुलं. वळचणीला लाकडाची कातरलेली झालर. खाली तिकिटांची खिडकी, बाजूला पार्सलची खोली, पलीकडे बायकांची वेटिंग रूम. आणि या सगळ्यावर दोन्ही बाजूंना उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर. पार्सलच्या खोलीवर एक कौल काचेचं होतं. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा आणि दुपारपर्यंत जमिनीवरून सरकत जायचा. पार्सलचे कारकून त्या चौकोनात जेवणाचा डबा ठेवायचे, गरम व्हायला. चौकोन सरकला की डबा सरकवायचे.

ही मंगलोरी कौलं एकमेकांत अडकून बसतात. घरावर एकदा घातली की वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. स्टेशनचं तसं नाही. फलाटाला लागून गाडी धडधडत जाते, भिंत थरथरते, आणि कौलं केसभर केसभर खाली सरकतात. एक सरकलं की शेजारचं उघडं पडतं. म्हणून तिथेही दर वैशाखात वर चढून सगळं छप्पर नीट बसवायला लागायचं. नळेकार म्हणायचा, "घराचा छप्पार वाऱ्यान हलता, स्टेशनाचा गाडयेन. वारो दमता रे, गाडी दमणा नाय."

वर चढताना आमची एक रीत होती. शिडीच्या बुडाशी मी नारळ ठेवायचो आणि गाऱ्हाणं घालायचो. घर परतताना गावाला घालतात तसंच. "बा देवा म्हाराजा, ह्या स्टेशनाचो जो कोण राखणदार आसात, काळो आसांदे नायतर गोरो आसांदे, तेका आमचा सांगणा आसा. वर चढलेलो माणूस चलत खाली येवंदे."

"व्हय म्हाराजा!" नळेकार सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. आणि मग कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून खुरीस काढायचा आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा.

आमच्यात साताऱ्याचा एक जण होता, त्याला फार हसू यायचं. "नळेकार, तुमचा देव कुठला तेवढं एकदा ठरवा की!"

"जो धरतलो तो," नळेकार म्हणाला. "पडतंय तेव्हा मी नाव इचारूचंय नाय."

वर तो अनवाणी चालायचा. कौलावर पाय देत नसे. खाली वासा कुठून गेला आहे ते त्याला वरून कळायचं. नव्या पोराला सांगायचा, "वाशार पाय दी, कौलार दिव नको." प्रत्येक कौल उचलून बोटाच्या पेरानं वाजवायचा आणि कान लावायचा. चांगलं कौल खणकन वाजतं. तडा गेलेलं असलं तर, त्याच्या भाषेत, खोकतं. "ह्यां खोकता," म्हणून ते माझ्याकडे खाली द्यायचा. दिसायला दोन्ही सारखीच असायची.

दुसरं त्याचं एक बोलणं होतं, ते मी अजून कितीदा तरी मनात म्हणतो. पावसात तिकिटांच्या खिडकीवर पाणी टपकायला लागलं की कारकून बोट दाखवायचा, इथे, बरोब्बर इथे गळतंय. नळेकार त्या जागेकडे बघायचाच नाही. "गळता थंय फुटलेला नसता. वायच वर बघ." पाणी वरच्या कुठल्या तरी कौलातून शिरतं, रिपेवरून घरंगळत येतं आणि भलतीकडे टपकतं. हे बोलणं तो माणसांनाही लावायचा. आमच्यातला एक दारू प्यायला लागला तेव्हा सगळे त्याला दारूवरून बोलत होते. नळेकार त्याला चहा प्यायला घेऊन गेला आणि विचारलं, "घराकडे काय झाला रे?" भावानं जमिनीतून काढलं होतं त्याला. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

स्टेशनला वैशाख लागायचा तेव्हा आरोंद्यालाही लागायचा. तिथे कार्मिणवयनी होती, एक मुलगी होती आणि नळ्यांचं घर होतं. मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, लागायच्या आत घर परतायला हवं. गावात परतणारी माणसं होती, पण नळेकाराच्या घरावर दुसरा नळेकार चढवायचा म्हणजे गावात हसं. आणि वयनीलाही दुसरा नको होता. ती गावाहून येणाऱ्याकडे निरोप द्यायची. आधी आधी मोठा निरोप यायचा. न्हाणीकडचे वासे बघायला हवेत, माकडांनी पडवीचे नळे फोडले, मुलगी विचारते, मिरगाआधी ये. पुढे पुढे नुसतं, "येतलंस काय?" आणि शेवटी शेवटी निरोप यायचाच नाही, नुसती कोकमाच्या सोलांची पिशवी यायची. नळेकार पिशवी हुंगायचा आणि निरोप आणणाऱ्याला म्हणायचा, "तिका सांग, स्टेशन झाला काय येतंय."

स्टेशन व्हायला मिरग लागायचा. मग तो एसटीनं जायचा, रात्रभर उभा किंवा बसलेला. रेल्वेचा फुकट पास खिशात, आणि गावाला रेल्वेच नव्हती. पोहोचायचा तोवर पाऊस सुरू. ओल्या नळ्यांवर चढता येत नाही. दोन दिवस पडवीत बसून भांड्यांत गळणारं पाणी बघायचा आणि परत यायचा.

आम्ही कुणी गावाला गेलो की वयनी स्टेशनवरून म्हणायची, "लोकांची सवत म्हातारी झाली काय घोव घराकडे येता. माझी सवत पयलीच म्हातारी. आता काय वाट बघतलंय?"

हे हसण्यावारी गेलं असतं. पण एका वर्षी मिरगाच्या पहिल्याच वाऱ्यात रांधपाच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या, खोलीवरचं छप्पर आत आलं. वासे कुजलेच होते. वयनी आणि मुलगी पडवीत होत्या म्हणून वाचल्या. पूर्ण पावसाळा त्यांनी वयनीच्या भावाकडे काढला. आणि जिचं छप्पर पडलं नाही त्या भावजयीचं बोलणं चार महिने ऐकून घेतलं. पाऊस सरल्यावर नळेकार गेला. वासे बदलले, नळे घातले. वयनीनं शिडी धरली, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यानं मला नंतर सांगितलं, "बाबी, गाळी दिल्यान आसती तर बरां वाटला आसता."

मी त्याच्या वतीनं खोटं बोलणार नाही. रजा मिळत नव्हती असं नाही. त्या वर्षी साहेबच म्हणाले होते, "नळेकार, तुम्ही गावी जाऊन या, आम्ही बघतो इथलं." हाच गेला नाही. "तुमी बघतलास तर कौलां फोडतलास," म्हणाला. मी खूप विचार केला यावर. स्टेशनवर तो वर चढला की खाली माणसं थांबायची. चहावाला आपण होऊन चहा वर पाठवायचा. तिकीटवाले म्हणायचे, नळेकार वर आहे, आता भीती नाही. स्वतःच्या घरावर चढणाऱ्याला असं कोण म्हणतं? तिथे ते कामच असतं. माणूस कितीही चांगला असला तरी जिथे त्याचं नाव घेतात तिकडे त्याचे पाय ओढतात. माझेही ओढले असते.

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गोव्यात गेली. कोकणात रेल्वे आली. आणि नळेकाराची नोकरी संपत आली तेव्हा वरून हुकूम आला, स्टेशनवरची कौलं काढायची, पत्रे घालायचे. दरवर्षी माणूस वर चढवणं परवडत नाही, आणि धोक्याचंही आहे. साहेबांनी हे त्याला दमानं सांगितलं. आम्हाला वाटलं, आता हा भांडणार. तो एवढंच म्हणाला, "काढूक मीच चढतंय. दुसरो फोडीत."

कौलं घालताना जितकी काळजी घेतली त्याहून जास्त त्यानं काढताना घेतली. कंत्राटदाराची माणसं वर हातोडे घेऊन आली होती, त्यांना बाजूला बसवलं. प्रत्येक कौल वाजवून खाली. खणखणीत एका बाजूला, खोकणारी दुसऱ्या बाजूला. छप्पर अर्धं उघडं झालं तेव्हा खाली तिकिटांच्या खोलीत ऊन शिरलं. कारकून बाई डोक्यावर फाईल धरून म्हणाल्या, "अहो नळेकार, डोकं तापलं हो माझं!"

"तापांदे बाय," तो वरून म्हणाला. "इतकी वर्सां सावलेत बसलास."

काचेचं कौल त्यानं सगळ्यांत शेवटी काढलं, आपल्या शर्टात गुंडाळलं आणि बनियनवर खाली आला.

कंत्राटदाराला ती कौलं नकोच होती, राडारोडा म्हणून टाकायची होती. नळेकारानं रीतसर गेटपास करून ती मागून घेतली. न्यायची कशी? तो आंब्याचा हंगाम होता. देवगडचे ट्रक आंबा घेऊन मुंबईला यायचे आणि रिकामे परत जायचे. आमच्या जामसंड्याचा एक ड्रायव्हर माझ्या शब्दाबाहेर नव्हता. आंब्याच्या पेट्यांतला पेंढा ट्रकमध्ये खाली पसरला आणि त्यात कौलं उभी लावली. मी सोबत गेलो. रात्रभर नळेकार मागे कौलांपाशी बसला. ट्रक आदळला की फळीवर थाप मारून ओरडायचा, "हळू रे, माणसां आसत!" ड्रायव्हर मला विचारायचा, "खंयची माणसां?"

वाटेत त्यानं मला सगळा बेत सांगितला. ही कौलं पूर्वी मंगळूरहून गलबतांनी आमच्याच दर्यातून मुंबईला गेली असणार, आता ती परत आली. घरावर घालायची. तिथे गाडी नाही, हलायची नाहीत. म्हणजे कार्मिणीला जन्मात परत छपराची काळजी नको. तो हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला आहे. इतकी वर्षं जे देणं राहिलं, ते एकदम ट्रक भरून घेऊन निघाला होता.

आरोंद्याला पोहोचलो तेव्हा वयनी खळ्यात सोलं वाळत घालत होती. तिनं ट्रककडे बघितलं, मग नवऱ्याकडे. पेंढ्यानं तो पिवळा झाला होता.

"ह्यां काय हाडलंस?"

"कौलां. स्टेशनाची. एकूण एक वाजवन घेतलंय. घराक घालतंय."

"कोणाच्या घराक?"

"आपल्या, अजून कोणाच्या?"

वयनीनं सोलांचा हात पदराला पुसला. "माझ्या घराक तुझे हात होये होते तेव्हा ते स्टेशनाक होते. आता स्टेशनाक नको झालेली कौलां माझ्या डोक्यार? माका नको. माका स्टेशनात रवाचा नाय."

"अगो, पण ऐक तरी. एकदा घातली काय परत वर चढूक नको. हंय हलवक गाडी नाय."

"म्हणानच नको."

ड्रायव्हर खाली मान घालून टायर बघायला लागला. मी म्हटलं, "वयनी, इतक्या लांबसून हाडलीसत, ती ठेवची खंय?"

"आंब्याबुडी रचा," ती म्हणाली. "आणि पाय धुवन आत येवा तिघव. माशांचा तिखला केलंय, निवता."

कौलं आंब्याखाली रचली, वर झावळ्या घातल्या. जेवायला बसण्याआधी नळेकारानं तेवढ्यातही वर बघितलं. सवय.

पुढे तो कायमचा गावाला गेला. काही वर्षांनी मीही जामसंड्याला आलो. वैशाखात मी एसटी बदलत बदलत आरोंद्याला जायचो, घर परतायला मदत म्हणून. दरवर्षी तेच. तो शिडी लावायचा, आंब्याकडे बघायचा आणि विचारायचा, "औंदा घालूया काय गो कौलां?"

"नको."

मग नळेच परतायचे. मी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचो, तो "व्हय म्हाराजा" म्हणून खुरीस काढायचा, आणि शिडी मात्र वयनी धरायची. मला हात लावू द्यायची नाही. तिथे आम्ही खलाशी उरलो नाही. तो वरून सांगायचा, "साहेबान एकदाच नाय म्हटल्यान आसता तर मी ऐकलंय आसतंय. ही वर्साक एकदा म्हणता, तरी मी इचारतंय."

"इचार," ती खालून म्हणायची. "इचारूक पैसे पडनत नाय."

त्याची ढोपरं गेली, श्वास लागायला लागला. शेजारीपाजारी सगळ्यांनी पत्रे घातले. आता आमच्याकडे रस्त्यानं जाताना निळे-तांबडे पत्रेच दिसतात. माकडं फोडतात, परतणारी माणसं मिळत नाहीत, कुणाला दोष देणार? मी एकदा वयनीला बाजूला घेऊन म्हटलं, "म्हाताऱ्याचो जीव जातलो वर. घालून घे ना ती कौलां."

"तुका काय पडला? तू जेव," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला.

त्याचं शेवटचं आजारपण सुरू होतं तेव्हा माझ्या पुतण्यानं मुंबईहून स्टेशनचा फोटो पाठवला. इमारतीला चांगले दिवस आले होते. दगड धुतलेले, झालरीला नवा रंग, वारसा म्हणून पाटी, आणि छप्पर परत कौलांचं. नीट बघितलं तर ते पत्रेच होते, कौलासारखे ठोकलेले. मी मुद्दाम मोबाईल घेऊन आरोंद्याला गेलो. नळेकारानं तो अंगठ्यानं पुसला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"दिसता बरां," म्हणाला. "वाजता कसां?"

"फोटो वाजणा नाय मिस्त्री."

"मगे?" त्यानं मोबाईल परत दिला. "फोटोत काय, मीय बरोच दिसतंय."

थंडीत तो गेला. पुढच्या खोलीत त्याला खाटेवर ठेवलं होतं, कोट घालून, हातात जपमाळ. तोंड वर. इगर्जीतली माणसं प्रार्थना म्हणत होती. वयनी उशाशी बसली होती. ती रडत नव्हती. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघ आता. पोटभर बघ."

वर नळे होते. त्यानंच वैशाखात रचलेले.

पुढचा वैशाख आला तेव्हा मला निरोप आला, "कौलां चढवक ये." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. गेलो तर सुतार येऊन बसला होता, नव्या रिपा आणल्या होत्या. मी पाय धुतले नाहीत, आधी विचारलं, "वयनी, तो इचारी होतो तेव्हा नको म्हटलंस. आता कित्याक?"

ती आंब्याखालच्या झावळ्या ओढत होती. थांबली नाही. "तेव्हा घातली आसती तर तेका हंय काम काय रवला आसता? खंयचा तरी दुसरा स्टेशन शोधित सुटलो आसतो. तेका तू वळखस ना? नळे होते म्हणान तो वर्साक एकदा माझ्या घरार चढी होतो आणि मी शिडी धरी होतंय." मग एक झावळी बाजूला टाकून म्हणाली, "आता परतणारो नाय. माझ्या एकलीच्यान माकडांका हाकलूक होणा नाय. घाल ती मंगलोरी."

मी आंब्याखाली बसलो. गळता थंय फुटलेला नसता. जन्मभर आम्हाला हे सांगणारा माणूस स्वतःच्या घरात मात्र टपकणाऱ्या जागीच भांडं ठेवत राहिला, आणि त्याचं रोज ऐकणारा मीही तिच्याकडे कौलांचीच रदबदली करत राहिलो. तिला छप्पर कधी नकोच होतं. छपरावर चढणारा हवा होता.

कौलांवर शेवाळ धरलं होतं, तळाच्या ओळीत एक फुरसं निघालं. सुतार म्हणाला, धुवून सरळ घालूया. मी ऐकलं नाही. एकेक वाजवलं, जी खोकली ती बाजूला टाकली. माझा कान त्याच्यासारखा नाही, पण जेवढा आहे तेवढा त्याच्याकडूनच आला आहे. शर्टात गुंडाळलेलं काचेचं कौल वयनीनं पेटीतून काढून दिलं. मी विचारलं, पुढच्या खोलीवर घालू का, त्याच्या खाटेच्या जागी?

"कित्याक? थंय कोण आसा?" ती म्हणाली. "चुलीर घाल. माशे करताना माका दिसाक होया."

आता दुपारी तिच्या चुलीपाशी उन्हाचा तो चौकोन पडतो. तिथे तिचं मांजर निजतं. चौकोन सरकला की मांजर सरकतं.

या वर्षी वैशाखात परत निरोप आला, "घर परतूक ये." मंगलोरी कौलं घातलेलं घर परतायचं नसतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माझेही पाय आता एसटीची पायरी चढताना कुरकुरतात, घरचे म्हणतात कुठे मरायला जाता. मी गेलो. शिडी भिंतीला लावलेलीच होती. नारळ ठेवलेला होता. मी गाऱ्हाणं घातलं आणि थांबलो. "व्हय म्हाराजा," वयनी म्हणाली, खुरीस काढला आणि शिडी धरली.

मी वळचणीला हात पोचेल एवढाच चढलो.

"काय रे, हलली काय?"

"नाय गो वयनी. हलवक हंय गाडी खंय आसा?"

"तरी बघ."

मी एक कौल काढलं, बोटानं वाजवलं, तिला ऐकू जाईल असं. खणकन वाजलं. मग ते परत होतं तिथे बसवलं.